मत्तय, अध्याय पाचवा

रोज सकाळी लोकलमध्ये मी फोनवर बायबल वाचतो. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. रोज तीन-चार वाचले की वर्षात संपतात. अ‍ॅप टिक करतं, सलग किती दिवस झाले ते दाखवतं. यंदा माझे २८७ झाले. (लेवीय नुसतंच स्क्रोल केलं, हे अ‍ॅपला कळत नाही.)

आज मत्तयाचा पाचवा अध्याय आला. येशूचं म्हणणं असं: वेदीपाशी अर्पण घेऊन आलात आणि आठवलं, की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून या. ऐकणारे गालीलचे, वेदी यरुशलेमात. मधे शंभराहून जास्त किलोमीटर. म्हणजे कित्येक दिवस पायपीट करत घरी जायचं आणि तेवढीच करत परत यायचं! शिवाय चूक कोणाची, हे तो विचारतच नाही. मला खटकतं ते हेच. कारण आजीच्या घराच्या वाटणीत माझंच बरोबर होतं, असं मला अजून वाटतं.

दादाशी मी दीड वर्ष बोललेलो नाही. त्याचा नंबर याच फोनमध्ये आहे. गेल्या वर्षीही हा अध्याय मी वाचला होता, टिकसुद्धा केला होता.

हे वचन पाळायचं तर वाचन अर्धवट टाकूनच उठायला हवं. दादरला उतरलो तेव्हा अध्याय निम्मा राहिला होता. नंबर लावला. रिंग वाजतेय.