गरम झाल्यावर बंद पडणारी पद्मिनी

मे महिन्यातली दुपार डोळ्यांसमोर आणा. लालबहादूर शास्त्री मार्ग, घाटकोपरहून मुलुंडकडे मुंगीच्या पावलांनी सरकणारी रांग. अर्धा तास सुरळीत चाललेली तुमची जुनी पद्मिनी सिग्नलला दोन गचके खाते आणि बंद पडते. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पकडत नाही. मागून हॉर्न वाजू लागतात. वाजू द्या. ढकलायला दोघंतिघं येतीलच, मुंबईत येतात. गाडी कडेला घ्या, किल्ली बंद करा, बॉनेट उघडा.

आणि आता हात मागे घ्या. थोडा वेळ नुसतं बघा.

हे १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन आहे. मूळ फियाट ११००चं. ती गाडी पुढे पद्मिनी झाली आणि याच रस्त्यावर, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होत राहिली. शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तुमच्यासारख्या मोजक्या घरांनी खासगी गाड्या जपल्या आहेत. हिच्यात सेन्सर नाहीत, कॉम्प्युटर नाही. जे बिघडतं ते बहुतेक वेळा डोळ्यांना, कानांना, नाकाला कळतं. या गाडीवर माझा जीव आहे तो म्हणूनच.

इंजिनाला हवा लागते, पेट्रोल लागतं आणि नेमक्या क्षणी ठिणगी लागते. यातलं काय थांबलं असेल? ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आला’ हे उत्तर जिभेवर तयारच असतं. ते जरा बाजूला ठेवा आणि आठवा. सकाळी थंड असताना गाडी कशी सुरू होते? चोक ओढला की एका सेल्फला. आणि बंद पडल्यावर वीसेक मिनिटं तशीच उभी ठेवली तर? कुणी काही न करता पुन्हा चालू होते. नुसत्या थंडाव्याने बरा होणारा हा आजार आहे. कचऱ्याचं वागणं सहसा असं नसतं.

आता नजर पेट्रोल पंपावर न्या. तो इंजिनालाच बोल्टने बसवलेला असतो, त्यामुळे इंजिनाची उष्णता पंपाला सतत लागते. गाडी धावताना वारा मिळतो, ताजं पेट्रोल आतून वाहतं, निभावतं. रांगेत वारा थांबतो, पेट्रोल रेंगाळतं आणि पंपातच त्याची वाफ होते. पातळ पेट्रोल ढकलायला केलेल्या पंपातल्या पडद्याला ही वाफ ढकलता येत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवायची टॅक्सीवाल्यांची रीत यातूनच आली. फडकं नीट पिळून ठेवा, डिस्ट्रिब्युटरवर पाणी जाता कामा नये.

पण इथेही घाई नको. इग्निशन कॉइल हुबेहूब असाच दगा देते: तापली की आतली वायर तुटक होते, निवली की पुन्हा जोडली जाते. कंडेन्सरचंही तेच. लक्षण एक, कारणं तीन. इथेच बहुतेक गाड्यांवर अन्याय होतो. आज पंप बदलला, महिन्याने कॉइल, मग कार्बोरेटर. कुर्ल्याहून आलेला धडधाकट पंप भंगारात जातो आणि त्याच्या जागी बाजारातला डुप्लिकेट बसतो. तो जुना पंप आता पुन्हा कुठून आणणार? मला याचं खरंच वाईट वाटतं.

निवाडा गाडी बंद पडलेली असतानाच होतो, निवल्यावर पुरावा उरत नाही. म्हणून आधी वास घ्या, कुठे पेट्रोल गळत नाही ना ते पाहा. मग एक प्लग काढा, वायरला जोडा, रबरी मुठीच्या पकडीत धरून त्याचं लोखंड इंजिनाला टेकवा. प्लगच्या भोकापासून लांबच. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, कडक ठिणगी उडाली तर कॉइल आणि कंडेन्सर निर्दोष, संशय पंपावर. पिवळट, मरतुकडी आली किंवा आलीच नाही, तर पंपाला हात लावू नका.

गॅरेजात गेल्यावर ‘गाडी बंद पडते’ एवढंच सांगून थांबू नका. सांगा: थंड असताना एका सेल्फला लागते, अर्ध्या तासाने रांगेत बंद पडते, ठिणगी निळी येते, ओल्या फडक्याने लगेच चालू होते. हे ऐकलेला जुना मिस्त्री कार्बोरेटर खोलणार नाही. थेट पंपाकडे जाईल.