तुलनागटातील स्त्रियांचे ऋण

एका जिवाला वाचविणारा उपाय शोधण्यासाठी दुसऱ्या जिवाला काही काळ त्या उपायाविना राहू देणे न्याय्य आहे काय? वैद्यकीय संशोधनात हा प्रश्न रोज उभा राहतो आणि रोज बाजूला सारला जातो. देवणीच्या वाचकांसाठी तो दूरचा नाही. 1982 साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत आपला हा भाग उस्मानाबाद जिल्ह्यातच होता, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीचे एक जगप्रसिद्ध संशोधन त्याच उस्मानाबादेत, आजच्या धाराशिवमध्ये, झाले.

1999 मध्ये आरंभ झालेल्या या प्रयोगात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया होत्या. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो चालविला. गावांचे 52 समूह करून, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची चार गटांत वाटणी झाली. एका गटाची एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी झाली, दुसऱ्याची पॅप चाचणी, तिसऱ्याची सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटातील 31,488 स्त्रियांना तपासणी दिली गेली नाही. रोगाची माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा एवढेच त्यांच्या वाट्याला आले. हा तुलनागट.

निष्कर्ष एप्रिल 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनागटात या रोगाने 64 स्त्रिया दगावल्या होत्या. एचपीव्ही गटात, तो थोडा मोठा असूनही, 34. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

पुढे 2014 साली वैद्यकीय नीतिशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात या आणि अशाच अन्य प्रयोगांवर कठोर टीका झाली. पॅप चाचणी पाश्चात्त्य देशांत अर्धशतकापासून प्राण वाचवीत असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवणे हा अन्याय होता, असा टीकेचा आशय. संशोधकांची बाजू अशी, की या भागात अशी तपासणी मुळातच कोणाला मिळत नव्हती. तुलनागटाकडून काही हिरावून घेतलेले नाही.

या वादाचा निवाडा वाटतो तितका सोपा नाही. याच प्रयोगात पॅप चाचणीच्या गटात 54 आणि डोळ्यांनी पाहणीच्या गटात 56 मृत्यू झाले. तुलनागटाशी ताडून पाहता हा फरक ठोस मानण्याइतका मोठा नव्हता. म्हणजे जो उपाय सिद्ध म्हणून गृहीत धरला जात होता, तो मराठवाड्याच्या खेड्यांत तसा सिद्ध झालाच नाही. तुलनागट नसता तर हे कळले नसते. मात्र कृतीचा न्याय तिच्या फळावरून करता येत नाही. कृती करताना हाती काय ज्ञान होते आणि नियत काय होती, हेच पाहावे लागते.

चिठ्ठी टाकणे आपल्या परंपरेला परके नाही. प्रवासाला निघताना पत्नींपैकी कोणी सोबत यावे, हे प्रेषित मुहम्मद (स.) कुरआ टाकून ठरवीत, असे हदीसमध्ये आले आहे. पण कुरआ तेथेच न्याय्य, जेथे सर्वांचा हक्क समान आहे आणि लाभ सर्वांना एकाच वेळी देता येत नाही. उस्मानाबादच्या स्त्रियांचा हक्क समान होता, यात शंका नाही. लाभ सर्वांना देता येत नव्हता, हे मात्र मला अर्धेच पटते. साधने अपुरी होती हे खरे. ती अपुरी का होती, हा प्रश्न संशोधकांना नव्हे, शासनाला आणि समाजाला विचारावा लागेल. (जनावर घेताना दात मोजून पाहणारे आपण, घरातल्या बाईच्या दुखण्याची चौकशी किती करतो?)

माझ्या मते त्या प्रयोगाचे समर्थन एकाच अटीवर होऊ शकते: हे ज्ञान त्या स्त्रियांकडून घेतलेले कर्ज मानावे. देणे बाकी असलेल्या एका मृताचा जनाजा आणला गेला, तेव्हा प्रेषितांनी (स.) स्वतः नमाज पढविण्याचे थांबविले. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते देणे स्वतःच्या शिरावर घेतले, त्यानंतरच त्यांनी नमाज पढविली. कर्ज मृत्यूनेही फिटत नाही. कोणीतरी पुढे येऊन ते आपले म्हणावे लागते.

उस्मानाबादच्या प्रयोगाने दिलेले ज्ञान जगाने स्वीकारले. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये एचपीव्ही तपासणीलाच प्रथम पसंती दिली. आपल्याकडे मात्र 2016 च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी दर पाच वर्षांनी डोळ्यांनी पाहणी करण्याचा मार्ग धरला, आणि तोही बहुतांश कागदावर राहिला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम 1.9 टक्के स्त्रियांची या कर्करोगासाठी कधी तरी तपासणी झाली होती. ज्यांच्या तपासणीविना राहण्यातून हे ज्ञान जन्मले, त्यांच्याच शेजारच्या गावांत ते अद्याप पोहोचायचे आहे.

तुलनागटातल्या ज्या स्त्रिया तेव्हा तिशीत होत्या, त्या आता पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत. त्यांच्या मुली तपासणीच्या वयात आल्या आहेत.