अखेरचा श्वास आणि आपले कर्तव्य



घरातले वडीलधारे माणूस नांदेडला अतिदक्षता विभागात असते. डॉक्टर म्हणतात, आता आशा नाही, काय ते तुम्ही ठरवा. मग मुलगा दबक्या आवाजात विचारतो, "फादर, मशीन काढायला हो म्हटलं, तर बाबांना मीच मारलं असं होईल का?"

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग आपल्याला आठवत असतील. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर क्रूर हल्ला झाला, मेंदूला इजा झाली आणि १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत त्या खाटेवरच होत्या. त्यांचे अन्न थांबवावे, हा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळला. त्यांना भरवणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या परिचारिकांना त्या जगायला हव्या होत्या. ती सेवा सख्ख्या लेकीलाही जड गेली असती! अरुणाताई श्वास स्वतः घेत होत्या. त्यांना यंत्राने अडवून धरले नव्हते. घास भरवणे हा उपचार नव्हे, ते माणूसपण आहे. २००४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी हेच शिकवले.

मुलाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. मरण यावे म्हणून इंजेक्शन देणे ही हत्याच. परंतु ज्या उपचाराने गुण येणार नाही, केवळ यातना लांबणार, तो थांबवण्यास ख्रिस्तसभेची मनाई नाही. पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच डॉक्टरांना तसे सांगितले होते आणि आपल्या धर्मशिक्षण ग्रंथातही ते आहे. वेदनाशामक औषधही द्यावे. वर्तमानपत्रे या सगळ्याला सरसकट 'इच्छामरण' म्हणतात, गोंधळ तिथेच होतो. स्वतः जॉन पॉल दुसरे २००५ साली शेवटच्या दिवसांत पुन्हा इस्पितळात गेले नाहीत. २ एप्रिलला आपल्या खोलीतच प्रभूघरी गेले.

तेव्हा त्या मुलाला मी म्हणेन, नाही बाळा, तू मारले नाहीस. पण पैसा संपला म्हणून, की बाबांना खरोखरच गुण येणार नाही म्हणून, हे डॉक्टरांना नीट विचारून घे. शेत विकूनच प्रेम सिद्ध होते असे नाही. घरी आणल्यावर मात्र त्यांना कोपऱ्यात टाकू नका. ओठ ओले करा, कूस बदला, हात धरून रोझरी म्हणा.

आणि आजाऱ्यांच्या अभ्यंगासाठी आम्हाला वेळेवर बोलवा. शुद्ध हरपल्यावर नव्हे, बाबा स्वतः 'आमेन' म्हणू शकतील तेव्हा. रात्री-अपरात्रीही दार वाजवा.