पाचवं कारण

पाटबंधारे खात्यात नोकरी झाली, त्यामुळे पाणी कुठून कुठे जातं हे मला कुणी सांगायला नको. निवृत्तीनंतर वाईच्या गणपती घाटावर बसून माझा मीच जलरंग शिकू लागलो, तेव्हा आमच्या गीतामंडळातले एक ज्येष्ठ म्हणाले, "बरं केलंत. यात कर्तेपण आपोआप गळतं. रंग पाण्यात सोडायचा, पुढचं त्याच्याकडे."

ऐकायला गोड आहे. मला पटलं नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना क्रिया आणि पाचवं दैव. आपली मंडळी पाचव्यापासून मोजायला लागतात. समजा, ढोल्या गणपतीच्या देवळामागचं आकाश रंगवायचं आहे. वॉश दिला, म्हणजे पातळ रंग कागदावर सपाट पसरला. कागद चकचकीत ओला आहे तोवर त्यात दुसरा रंग सोडला तरी तो गुण्यागोविंदाने मिसळतो. चमक गेली, कागद नुसता दमट उरला आणि नेमका तेव्हाच भरलेला ब्रश टेकवला, की नवं पाणी अर्धवट वाळलेल्या रंगाला बाहेर रेटतं आणि फुलकोबीसारखा दातेरी डाग उमटतो. याला पाण्याची मर्जी म्हणायचं? कागद तिरपा धरून चमक बघितली असती, तर डाग पडलाच नसता. पावसाळ्यात थांबावं फार लागतं, एप्रिलात उसंतच मिळत नाही. शिकवायला गुरू नाही म्हटल्यावर हे कागदालाच विचारावं लागतं. जसजसं कळत जातं, तसतशी दैवाच्या खात्यावरची उधारी आपल्या नावावर चढत जाते.

तरी दैव उरतंच. अल्ट्रामरीनचे दाणे ३०० जीएसएमच्या खरबरीत कागदाच्या खळग्यांत बसतात आणि कृष्णेच्या पाण्यातली सावली आपोआप रवाळ होते. दाणे बसणार हे मला माहीत असतं. कुठला कुठे बसेल, ते नाही. एवढीच पाचव्याची जागा, आणि ती मी आनंदाने सोडतो.

सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांचं निरांजन हाती घेतलेल्या बाईचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते जलरंगातलं आहे हे बघणाऱ्याला खरं वाटत नाही. ज्योतीआड धरलेली बोटं उजेडाने लालसर झाली आहेत. जलरंगात उजेड वरून थापता येत नाही. कागद कुठे कोरा सोडायचा, कुठे पातळ रंगावर भागवायचं, हे आधी ठरवावं लागतं. हात आवरणं हेही करणंच की! कर्तेपण गळालेल्या माणसाला ते कसं जमावं?

शिवाय एक गंमत बघितली आहे. बिघडलेलं चित्र पाण्यावर ढकलणारे जमलेल्या चित्राखाली मात्र ठसठशीत सही करतात. हे मी त्या ज्येष्ठांना बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, "मग सहीच करू नका." म्हणजे डागाचाही कुणी धनी नाही! खात्यात असा कागद कधी पुढे सरकला नसता. मी दोन्हींवर सही करतो, तारखेसकट.