साधंच तर आहे!

हस्तकलेच्या प्रदर्शनात वारली चित्रांच्या टेबलापाशी जरा वेळ उभं राहिलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘किती साधं आहे ना! दोन त्रिकोण, एक गोल, चार रेघा.’ म्हणणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. पुढचं वाक्य मात्र बहुतेक वेळा भावाचं असतं. ‘मग एवढे कशाचे?’ साधेपणाचं कौतुक करता करता आपण घासाघिशीवर कधी उतरलो, हे आपल्यालाही कळत नाही.

ही चित्रं मुळात विकायची नव्हतीच. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर लग्नघरात, शेण-गेरूनं सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणी चौक लिहितात. काढतात नव्हे, लिहितात. मधोमध पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. चौकाशिवाय लग्न पुरं होत नाही. फावल्या वेळाचा छंद म्हणावा, असं यात काही नाही.

रंग म्हणजे तांदळाचं पीठ आणि पाणी, कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. तांदळाची रेघ ओली असताना फिकट दिसते, वाळली की पांढरी उठते. म्हणजे मागची रेघ नीट उमटली की नाही, हे कळायच्या आत हात पुढे गेलेला असतो. पेन्सिलीची खूण नाही, खोडरबर नाही. एवढा भरवसा हातात यायला किती भिंती लिहाव्या लागत असतील?

आणि ते दोन त्रिकोण. टोकाला टोक लावून माणूस उभा करतात. सगळी गंमत त्या टोकात, म्हणजे कमरेत आहे. वरचा त्रिकोण पुढे कलला की बाई आवणीला वाकते, जरा मागे रेलला की तोच माणूस ताडावर चढायला लागतो. तारपा या फुंकवाद्याभोवतीच्या नाचाच्या फेरात एकापाठोपाठ एक माणसं वळत जातात, आणि प्रत्येकाचा कल शेजारच्यापेक्षा केसभर वेगळा असतो. तेवढ्या केसभरावर तो नाच चालतो. याउलट शहरातल्या पुलांच्या खांबांवर साच्यानं उमटवलेली वारली माणसं पाहा. त्रिकोण तेच, गोलही तोच, पण नाचाची कवायत झालेली असते. (मला तरी ती बघताना शाळेतला पीटीचा तास आठवतो.)

वारली चित्रकार जिव्या सोमा मशे हे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. बायकांच्या हातातली ही कला त्यांनी लग्नाच्या भिंतीवरून कागदा-कापडावर आणली. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी त्यांची चित्रं शहरापर्यंत पोचवली, १९८९ मध्ये ती पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मासेमारीचं जाळं हा त्यांचा आवडता विषय. जाळ्याचा एकेक धागा बारीक रेघेनं भरत ते सगळं कापड व्यापून टाकत, आणि माणूस एका कोपऱ्यात नखाएवढा. त्या जाळ्यापुढे उभं राहून कुणी ‘साधं’ म्हणून दाखवावं! तरीही त्यांच्याविषयी बोलताना निरागस, आदिम, उपजत ही विशेषणं काही सुटली नाहीत.

माझी खरी तक्रार ‘उपजत’वर आहे. गवयाच्या गळ्यातून तान सहज निघाली, की आपण लगेच त्याच्या रियाजाविषयी बोलतो. गुरू कोण, घराणं कोणतं, पहाटे किती वाजता उठायचे, सगळं विचारतो. आदिवासी बाईच्या हातून रेघ सहज निघाली, की म्हणतो, ‘त्यांच्या रक्तातच असतं.’ रक्तात असलेल्या गोष्टीला गुरू लागत नाही, वर्षं लागत नाहीत, आणि ओघानं मजुरीही फारशी लागत नाही. आईशेजारी बसून जी मुलगी आधी भिंत सारवायला शिकली, मग चौकाची कड भरायला, आणि पुष्कळ उशिरा देवीला हात लावायला, तिचं शिकणं या एका शब्दानं हिशोबातून वजा होतं. यात दुष्टावा नसतो, हे मान्य. पण नुकसान व्हायचं ते होतंच.

खात्री करायची असेल तर आज घरी एक कागद घ्या. दोन त्रिकोण काढा, डोक्यावर हंडा द्या आणि त्या बाईला चढण चढवा. हंडा हिंदकळतोय असं वाटलं पाहिजे आणि पडेल असं वाटता कामा नये. नाही जमलं, तर पुढच्या प्रदर्शनात टेबलामागच्या बाईला ती हे कुणाकडून शिकली ते विचारा, आणि ती सांगेल ती किंमत देऊन चित्र घरी आणा.