दिसलं ते काय होतं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


माघातल्या एका गुरुवारी आरती आटोपून अंगणात आलो, तर आकाशात माळेसारखी दिव्यांची ओळ चाललेली. मी हात जोडले आणि ‘माऊलींची कृपादृष्टी’ असं लिहून व्हिडिओ आपल्या ग्रुपवर टाकला. बघता बघता खाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

पणजीहून भाचा आला होता. जुन्ता हाऊसच्या गच्चीवरच्या दुर्बिणीपाशी जाऊन जाऊन त्याला आकाशाचं वेड लागलंय. तो म्हणाला, “मामी, हे स्टारलिंकचे उपग्रह. 2019च्या मे महिन्यात पहिल्यांदा साठ एकदम सोडले, अजून सोडतायत. सुरुवातीला ओळीत असतात, मग साधारण 550 किलोमीटरवर जाऊन पांगतात. आपल्याकडे अंधार पडला तरी तिथं वर ऊन असतं, म्हणून चमकतात.”

मला राग आला. तो चुकतोय म्हणून नव्हे, त्याचं बरोबर असणार असं वाटलं म्हणून.

रात्री त्याने दुर्बीण लावली. गुरू ग्रह दाखवला, पण बघता बघता तो कडेला सरकून नाहीसा झाला. मी म्हटलं, “अरे, गुरू गेला!” तो हसला. “गुरू कुठं जातोय मामी? पृथ्वी फिरते, आपणच सरकलो.” मग एक ठिपका क्षणात दुर्बिणीतून आरपार गेला, तो उपग्रह. लाल-हिरवे दिवे लुकलुकत गेलं ते विमान. न लुकलुकता सरळ जाऊन मध्येच विझतो तोही उपग्रहच, पृथ्वीच्या सावलीत शिरलेला.

सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. मोपाच्या सड्यावर चूड हलताना दिसली की त्यांच्या लहानपणी म्हणत, “देवचार भोंवता.” जानेवारी 2023 पासून तिथं विमानं उतरतात. त्यांचे दिवे दिसले की सासूबाई अजून हात जोडतात. त्यांना कोणी अडवत नाही, आणि अडवावं असं मला वाटतही नाही.

मग माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय? रज्जुसर्पाचा दृष्टांत आपण सत्संगात कितीदा ऐकतो. दिवा आणला, दोरी दिसली, भीती गेली. दिव्यावर कोणी रागावत नाही. पण दोरीत साप दिसला तर तो गेलेला बरा वाटतो. दोरीत फुलांचा हार दिसला, तर दिवा कोणाला हवा असतो? मला तरी नको होता. सासूबाईंनी नुसते हात जोडले. मी माऊलींचं नाव घेऊन अर्थ सांगितला होता, तोही न विचारता.

माझ्या व्हिडिओखाली एका भगिनीने लिहिलं होतं, “ह्यांचं ऑपरेशन पुढे ढकलावं की काय, या विचारात होते. संकेत मिळाला.” ते मी सकाळी अंगठा दाखवून सोडून दिलं होतं! रात्री पुन्हा वाचलं आणि छातीत धस्स झालं.

ग्रुपवर खरं काय ते लिहिलं. (त्याला दोनच अंगठे आले, त्यातला एक भाच्याचा.) मग तिला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे ताई, त्यात माऊलींचं काहीच नव्हतं?”

मला उत्तर सुचलं नाही. डॉक्टरांनी दिलेली तारीख बदलू नका, एवढंच म्हटलं, आणि त्या दिवशी सोबत येऊ का, असं विचारलं.