हक्कसोड

आमचे गाव सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यात. अब्बांची जमीन सहा एकर सोळा गुंठे. 2012-13 च्या दुष्काळात गावची जनावरे चारा छावणीत होती आणि या जमिनीकडे बघायला कुणाला सवड नव्हती. त्याच उन्हाळ्यात अब्बांचे निधन झाले. मागे अम्मी, आम्ही तिघे भाऊ आणि दोघी बहिणी. वारसनोंदीत सगळ्यांची नावे लागली आणि दोन महिन्यांत बहिणींची कमीही झाली. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दोघींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. थोरल्या आपा हसून म्हणाल्या, "क्या करना रे वो पत्थरां लेके? तुम्हीच रख लेव." घरी जेवण झाले, दोघींना साड्या दिल्या. आमच्या मनात कपट नव्हते. चार घरांत होते तेच आम्ही केले.

नंतर टेंभूचे पाणी आले. 1996 मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, त्यानंतर हे काम हाती घेतले गेले. सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या टेंभू गावी कृष्णेचे पाणी उचलायचे आणि टप्प्याटप्प्याने वर चढवत खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, सांगोल्यापर्यंत न्यायचे, अशी ही योजना. आमच्या गावच्या तलावात पाणी साठू लागले. आम्ही डाळिंब लावले. गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात गेलेली माणसे गावात जमिनीची चौकशी करू लागली. ज्या जमिनीला कुणी विचारत नव्हते, तिच्यासाठी एजंट दारात येऊ लागले.

आपा कराडला असतात. आमच्या शेतात येणारे पाणी त्यांच्या घरापासून थोड्याच अंतरावर उचलले जाते. त्यांच्या सासरी शेती नाही. दोन वर्षांपूर्वी भाच्याने शेळीपालनासाठी एक एकर जमीन पाहिली, पैसे जमवले, पण व्यवहार अडला. 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे आपल्या राज्यात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. "अम्मीच्या नावावर कुठे सातबारा आहे का?" असे त्याला विचारले गेले. तो नव्हता. आपा माहेरी आल्या आणि संकोचाने म्हणाल्या, "जमीन नको रे. खाली नाम रहता तो अच्छा था." आम्ही तिघेही गप्प बसलो. हा लेख त्या गप्प बसण्यातून आला आहे.

प्रश्न असा आहे : दुष्काळात सोडलेला हक्क पाणी आल्यावरही सुटलेलाच राहतो का?

कायद्याचे उत्तर सोपे आहे. दस्त नोंदणीकृत आहे, सही खरी आहे, जबरदस्ती झाली नाही. शरियतमध्येही वारसाला आपला हिस्सा खुशीने सोडता येतो. पण आपण "खुशी" कशाला म्हणतो? आम्ही वर्गात अपूर्णांक शिकवतो. फळ्यावर मुलांना भाकरीचे आठ तुकडे करून दाखवतो. पण अब्बांच्या तरक्याचे गणित आमच्या घरात कुणी मांडलेच नव्हते. आता मांडले. सहा एकर सोळा गुंठे म्हणजे 256 गुंठे. अम्मींचा आठवा भाग, 32 गुंठे. उरलेल्या 224 चे आठ भाग करायचे, प्रत्येक भावाला दोन आणि प्रत्येक बहिणीला एक. भावाला 56 गुंठे, बहिणीला 28. सही करताना आपांना हा 28 चा आकडा माहीत नव्हता, आम्हालाही नव्हता. जे किती आहे हेच ठाऊक नाही, ते खुशीने सोडले असे कसे म्हणायचे?

भावांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. थोरले भाईजान म्हणतात, ठिबकचे कर्ज आम्ही काढले, बागेत राबलो आम्ही, अम्मींचे दवाखाने आम्ही केले. पाणी आले नसते तर बहिणी तोट्यात वाटा घ्यायला आल्या असत्या का? हा सवाल खोटा नाही. पण त्याची दोन उत्तरे आहेत. बागेला, ठिबकला, कष्टाला जे मोल आले ते राबणाऱ्याचे. त्याचा हिशेब मांडावा आणि वजा करावा. जमिनीचा भाव मात्र आमच्या घामाने वाढला नाही. तो कृष्णेच्या पाण्याने आणि सरकारी पैशाने वाढला. त्या वाढीवर भावाचा जेवढा हक्क, तेवढाच त्याच्या बहिणीचा, आपापल्या हिश्शाने. दुसरे, "लग्नात दिलेच की" असे आपण म्हणतो. लग्नाचा खर्च बापाने हयातीत केलेला असतो, वारसा त्याच्या मृत्यूनंतर उघडतो. एकाची वजाबाकी दुसऱ्यातून होत नाही.

"तुकडे पडतील" ही आणखी एक सबब. 1947 चा तुकडेबंदी कायदा सगळ्यांच्या तोंडी असतो. पण सातबारावर सामाईक नाव ठेवायला शेताला बांध घालावा लागत नाही.

अब्बा आटपाडीच्या पाणी परिषदेला न चुकता जात. 1993 पासून नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, गणपतराव देशमुख यांनी ती चळवळ उभी केली. तिची मागणी समन्यायी वाटपाची होती. ज्याला जमीन नाही त्या कुटुंबालाही पाण्याचा वाटा मिळाला पाहिजे, असे ती सांगत होती. अब्बांबरोबर आम्हीही लहानपणी मंडपात बसून टाळ्या वाजवल्या. भूमिहीनाच्या वाट्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्या घरानेच पुढे आपल्या मुलीला भूमिहीन केले.

हा दोष केवळ आपल्या समाजाचा नाही. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला, तरी शेजारच्या वाड्यांतही हक्कसोड होतेच. पण आपण मुलींचा हिस्सा चौदाशे वर्षांपूर्वी ठरला असे अभिमानाने सांगतो, म्हणून आपल्याला जास्त विचारले जाईल. 1937 च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळलेली होती. म्हणजे जमिनीची वेळ आली की हात आखडतो, हे जुनेच आहे.

जगातले इतर मुसलमान या पेचातून कसे गेले? इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्रात मिनांगकबाऊ नावाचा मुस्लिम समाज आहे. त्यांच्या डोंगराळ खेड्यांत घराण्याची भातशेती आईकडून मुलींकडे जाते, आणि रोजगारासाठी मुलगे दूरदेशी जातात. ती रीत आपण घ्यावी असे नाही. पण त्याच देशाने 1991 मध्ये इस्लामी कायद्याची एक संहिता केली. तिच्यात वारसांना आपसांत समझोता करायची मोकळीक आहे, मात्र प्रत्येकाला आपला हिस्सा किती हे कळल्यानंतरच. आधी माहिती, मग माफी. आमच्या घरी हा क्रम उलटा झाला होता.

तो आता दुरुस्त करावा म्हटले, तर नवीच अडचण निघाली. कलम 63 मुळे बिगर शेतकऱ्याला शेतजमीन बक्षीसही देता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. एका दुपारी सुटलेला हक्क परत द्यायला आता कचेरीचे किती खेटे घालावे लागतील, सांगता येत नाही. आम्ही दोघे धाकटे भाऊ तयार आहोत. भाईजानांनी मुदत मागितली आहे. त्यांच्यावर रागवायचे नाही असे आम्ही ठरवले आहे, पण विषय सोडायचा नाही असेही ठरवले आहे.

आपांसमोर 28 गुंठ्यांचा कागद ठेवला तेव्हा त्या बराच वेळ आकड्यावर बोट ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "छोड्नाच हुआ तो अब छोडूंगी, मालूम करके."

वाचकांना एवढीच विनंती. यंदा तुमच्या घरात हक्कसोडपत्र होणार असेल, तर सहीआधी बहिणीसमोर तिचे गुंठे मोठ्याने वाचून दाखवा. नाव वर्ष-दोन वर्षे सातबारावर राहू द्या. तिला दरम्यान एकदा बांधावरून फिरवून आणा. त्यानंतरही तिने सोडले, तर ती माफी खरी. तोवर ती जमीन आपल्याकडे अमानत आहे, आणि अमानतीचा जाब द्यावा लागतो.